मुलगी डेटिंगसाठी तयार आहे की नाही, हे कसे ओळखावे?

नमस्कार. माझी मुलगी १५ वर्षांची आहे. गेल्या आठवड्यात माझ्याबरोबर कपड्यांच्या घड्या घालता घालता, मान वर न करता, तिने विचारले, "आई, मी त्याच्याबरोबर एकटी सिनेमाला गेले तर चालेल का?" मुलगा तिच्याहून दोन वर्षांनी मोठा आहे, आम्ही त्याला ओळखतो आणि त्याच्याविषयी आमची काहीही तक्रार नाही. "विचार करून सांगते," एवढेच मी म्हणाले. तिने लपवले नाही, विचारले, याचे मला फार मोल वाटते, आणि म्हणूनच घाईने उत्तर द्यायचे नाही.

तिच्या बाबांचे म्हणणे असे की १६ पूर्ण होईपर्यंत सरळ नकार द्यावा. मला वयाची ही रेघ पुरेशी वाटत नाही. परिणामांचा विचार करून स्वतःला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत विकसित होत असतो, मग एका वाढदिवसाने असे काय बदलणार? मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांच्या २००५ मधील प्रयोगाविषयी वाचल्यापासून तर माझी काळजी वेगळ्याच ठिकाणी जाऊन थांबली आहे. गाडी चालवण्याच्या संगणकीय खेळात किशोरवयीन मुलांनी एकटे असताना घेतली त्यापेक्षा मित्र सोबत असताना बरीच अधिक जोखीम घेतली. प्रौढांच्या बाबतीत मित्रांच्या असण्याने तसा फरक पडला नाही. म्हणजे माझ्यासमोर बसून समंजस उत्तरे देणारी मुलगी, आवडती व्यक्ती शेजारी असताना तितक्याच ठामपणे "नको" म्हणू शकेल, असे मी गृहीत धरू शकत नाही.

याला एक कारणही आहे. गेल्या वर्षी एका मैत्रिणीने "विश्वास असेल तर पासवर्ड दे" असा हट्ट धरला, तेव्हा मनात नसतानाही हिने तो दिला. तिचे खासगी संदेश वर्गभर झाले आणि आम्हाला ते कळले तीन आठवड्यांनी, रात्री तिला रडू आवरेनासे झाले तेव्हा. त्या मुलाच्या हेतूपेक्षा मला हीच गोष्ट अधिक सतावते: समोरचा नाराज होईल या भीतीने ही हो म्हणून जाते, आणि चूक झाली की एकटीच सोसत राहते. अलीकडे मात्र तिने एका सहलीला जायला स्वतःहून नकार दिला आणि मैत्रिणी रुसल्या तरी तो बदलला नाही. एवढ्यावरून ती सावरली आहे असे म्हणावे का, हे मला ठरवता येत नाही.

सुरुवातीला चार-पाच जणांच्या गटात, दिवसा, परतण्याची वेळ ठरवून जाऊ द्यावे असा माझा विचार आहे. तिचा फोन तपासायचा नाही, यावर मी ठाम आहे.

ज्यांची मुले या वयातून गेली आहेत त्यांना विचारते: नकार देण्याची क्षमता तुम्ही कशावरून ओळखलीत? दोन वर्षांचे अंतर या वयात किती महत्त्वाचे मानावे? आणि बेत फसला तर कोणत्याही क्षणी तिने आम्हाला फोन करावा, रागावण्याची भीती न बाळगता, हे तिला खरे वाटेल असे कसे सांगावे?