८ वर्षांच्या मुलीचा ईईजी करायचाय, ठाणे-ऐरोलीकडे कुठे करावा?

ऐरोलीची_आई
लेक तिसरीत आहे. श्रुतलेखन चालू असताना मध्येच पाच-सात सेकंद एकटक बघत राहते आणि मग लिहायला लागते. मधला शब्द वहीत नसतोच. लक्ष नाही म्हणून मी तिला ओरडायचे, त्याचं आता फार वाईट वाटतं. डॉक्टरांनी झोप कमी करून ईईजी करायला सांगितलाय. डोक्याला शॉक देतील म्हणून सासूबाई घाबरल्यात. कुणाला अनुभव?

खारेगावकर
ताई, शॉक वगैरे काही नसतो. ईसीजीला छातीवर तारा लावतात, तशाच इथे डोक्याला. मेंदूत आपोआप चालणारी वीज फक्त टिपतात, बाहेरून काही सोडत नाहीत. केस आदल्या दिवशी शाम्पूने धुवा, तेल अजिबात नको. भाच्याला पहाटे चारला उठवलं होतं, पण घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये तो रिक्षातच झोपला आणि तिथे गेल्यावर काही केल्या झोपेना. सकाळची पहिली वेळ घ्या, बरोबर दोघं जा, तिला वाटेत बोलतं ठेवा.

निवृत्त_तंत्रज्ञ
अनेक वर्षं हेच काम केलंय, म्हणून सांगते. आधी फोन करून विचारा : लहान मुलांचा झोपेतला ईईजी करतात का, आणि रिपोर्ट न्यूरोलॉजिस्ट देतात का? खर्च झेपत नसेल तर परळच्या केईएमची न्यूरोलॉजी ओपीडी आहे. गर्दी असते, तरी जा.

तुम्ही सांगताय ते अ‍ॅबसेन्स प्रकारच्या फिटसारखं वाटतं, पण ठरवायचं डॉक्टरांनीच. त्यात ईईजीच्या रेघांत सेकंदाला साधारण ३ वेळा टोक आणि लाट अशी जोडी उमटते; १९३५ सालीच हे नोंदवलं गेलंय. ती दिसावी म्हणून मुलांना तीन मिनिटं जोरात श्वास घ्यायला लावतात. घरी भिरभिऱ्यावर फुंकायचा सराव करून घ्या. असा झटका आला की मोबाईलवर व्हिडिओ काढा. रिपोर्ट नॉर्मल आला तरी तो व्हिडिओ डॉक्टरांना दाखवाच, कारण अर्ध्या तासाच्या नोंदीत फिटचा आजार नजरेतून निसटू शकतो.

ऐरोलीची_आई
काल ठाण्यात झाला. भिरभिरं फिरवता फिरवता दुसऱ्या मिनिटाला ती थांबली, आणि त्याच क्षणी पडद्यावरच्या सगळ्या रेघा एकदम उसळल्या. सासूबाईंनीही पाहिलं. औषध आजपासून सुरू. बाईंना शाळेत जाऊन सांगून आले.