जुन्या बत्तीसमध्ये पिस्तुलाचं काडतूस : सोसायटी ग्रुपवरची चर्चा

सी-३०२ : नमस्कार मंडळी. वडिलांचं बत्तीस बोअरचं वेब्ली अँड स्कॉट रिव्हॉल्व्हर आता माझ्या परवान्यावर आलंय. मधून दुमडून उघडणारं, सहा राउंडचं. दुकानात रिव्हॉल्व्हरची काडतुसं सध्या नाहीत, पिस्तुलाची .३२ एसीपी आहेत. ती सिलिंडरमध्ये, म्हणजे काडतुसं भरायच्या फिरत्या भागात, अगदी नीट बसतात असं एकजण म्हणाला. चालतील का?

ए-१०१ : नाही. बसतात हे खरं आहे, आणि सगळा घोटाळा त्यामुळेच होतो. दोन्ही काडतुसांच्या केसची, म्हणजे पितळी कवचाची, जाडी बुडाशी जवळपास सारखी, साडेआठ मिलिमीटरच्या आसपास. तुमच्या रिव्हॉल्व्हरचं काडतूस म्हणजे बहुधा .३२ एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) लाँग. आपल्याकडे त्याला ७.६५ × २३ म्हणतात, कारण केस सुमारे २३ मिमी लांब असते. एसीपीची केस १७ मिमीची. आखूड आणि तेवढ्याच जाडीची, म्हणून ती आत जाणारच. पण सिलिंडरला लांबी त्रास देत नाही, दाब देतो.

अमेरिकेतली सामी ही संस्था काडतुसांच्या कमाल दाबाची मानकं ठरवते. त्यात एस अँड डब्ल्यू लाँगची मर्यादा १५,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) आहे आणि .३२ एसीपीची २०,५००. म्हणजे सदतीस टक्के जास्त. हत्यार विक्रीला पाठवण्याआधी चाचणीसाठी जे मुद्दाम जड भरलेलं प्रूफ काडतूस उडवतात, त्याचा दाबही नेहमीपेक्षा साधारण तीस-चाळीस टक्केच जास्त असतो. आता हिशोब करा. एसीपी मर्यादेपर्यंत भरलेलं असेल, तर त्याचा प्रत्येक राउंड म्हणजे एक प्रूफ चाचणी. चाचणी एकदाच करायची असते. रोज करायची नसते.

डी-४०४ : काका, पण उत्तरेत पुष्कळ लोक असंच वापरतात म्हणे. काही होत नाही.

ए-१०१ : पहिल्या राउंडला काही होत नाही, म्हणूनच लोक वापरत राहतात. तुमचं सिलिंडर हातात घेऊन बाहेरून बघा. प्रत्येक चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसायच्या भोकाच्या, वर एक छोटी खाच असते. सिलिंडर फिरून जागेवर आलं की खालचा खटका त्या खाचेत अडकतो आणि ते स्थिर राहतं. सहा राउंडच्या सिलिंडरमध्ये ती खाच बहुधा बरोबर चेंबरच्या माथ्यावर येते. म्हणजे जिथे भिंत आधीच पातळ, तिथेच ती आणखी कोरलेली. जास्त दाबानं भिंत पहिल्यांदा तिथे फुगते. आधी केसभर, नजरेला न दिसणारी. मग त्या चेंबरमधल्या केस काढायला जड जाऊ लागतात. त्यानंतर खाचेच्या कोपऱ्यात तडा. पाच राउंडच्या सिलिंडरमध्ये खाचा दोन चेंबरच्या मधे पडतात, तिथे भिंत जास्त जाड मिळते.

डी-४०४ : उडवल्यावर प्रायमर, म्हणजे काडतुसाच्या बुडातली टोपी, बघून कळत नाही का? चपटा झाला असेल तर दाब जास्त.

बी-६०४ : दादा, ही सवय रायफलवाल्यांची. रायफलचे दाब पन्नास-साठ हजारांचे, तिथे प्रायमर काहीतरी सांगतो. इथे तो सांगतच नाही. १५,००० च्या हत्यारात २५,००० चा दाब गेला तरी प्रायमर गोलगरगरीत दिसू शकतो आणि केस सहज निघू शकते. पितळ बोलायला लागेपर्यंत पोलादाची मर्यादा मागे पडलेली असते. ‘चार उडवले, प्रायमर छान आहेत’ हा पुरावा धरूच नका.

एसीपीचा आणखी एक त्रास आहे. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतूस मागच्या कडेवर टेकतं. लाँगची कड सुमारे ९.५ मिमी रुंद आणि १.४ मिमी जाड. एसीपीची ९.१ रुंद, १.१ जाड. म्हणजे काडतूस मागेपुढे जास्त हलतं. मग घोड्याचा फटका कधी अर्धवट बसतो, राउंड फुटत नाही. आणि हत्यार दुमडून उघडलं की केसा बाहेर ढकलणारी चांदणी त्या अरुंद कडेवरून निसटते. केस चांदणीच्या खाली जाऊन बसते. मग हत्यार नीट उघडत नाही, नीट मिटत नाही, आणि बाकीच्या चेंबरमध्ये भरलेले राउंड तसेच असतात. रेंजवर हा प्रसंग धोक्याचाच.

सी-३०२ : समजलं. म्हणजे फक्त ७.६५ × २३. ते मात्र कुठलंही चालेल ना?

ए-१०१ : आधी चेंबर खरंच लाँगचं आहे ना, ते खात्रीनं बघा. जुनी काही बत्तीस रिव्हॉल्व्हरं लाँगची नाहीत, आखूड .३२ एस अँड डब्ल्यूची आहेत. त्याची केस जेमतेम साडेपंधरा मिमी. परवान्यावर नुसतं ‘.३२’ लिहिलेलं असतं, त्यावरून काही कळत नाही. नळीवरचे आणि सिलिंडरवरचे शिक्के वाचावे लागतात.

वेब्ली बर्मिंगहॅमचं. तिथल्या प्रूफ हाउसचे शिक्के असे वाचा. मुकुटाखाली ‘एनपी’ असेल तर नायट्रो, म्हणजे धूरविरहित दारूची चाचणी झालीय. १९५४ पासून त्याच्या जागी ‘बीएनपी’ येतं. नुसतं ‘बीपी’ आणि ‘बीव्ही’ असेल, ‘एनपी’ कुठेच नसेल, तर त्या हत्यारावर धूरविरहित दारूची चाचणी झालेलीच नाही. ते कपाटात ठेवायचं, आजचं काडतूस त्यात घालायचं नाही. शिक्के फक्त नळीवर बघून थांबू नका, सिलिंडरवरही बघा. सिलिंडर पुढे कधी बदललेलं असू शकतं.

बी-२०३ (टेक्सासहून) : काका, इथून विचारतो. इथे ब्रिटिश लष्करातून निघालेली .३८ वेब्ली आणि एनफिल्ड स्वस्तात मिळतात. त्यावर ‘३½ टन’ असं कोरलेलं असतं. त्यात .३८ स्पेशल घालता येतं का?

ए-१०१ : तो आकडा दर चौरस इंचाला टनांचा. ब्रिटिश टन २,२४० पौंडांचा, म्हणजे ७,८४० पौंड. पण तो तांब्याची गुटी चेपून मोजलेला दाब आहे. आजच्या पीएसआयच्या आकड्याशेजारी ठेवून सरळ तुलना करायची नाही, त्यानं फसायला होतं.

.३८ स्पेशलबद्दल उत्तर नाहीच. त्या हत्यारांचं काडतूस .३८ एस अँड डब्ल्यू, केस १९.७ मिमी. स्पेशलची केस २९.३ मिमी, मूळ चेंबरमध्ये ती पूर्ण जातच नाही. पण युद्धानंतर अमेरिकेत विकताना बऱ्याच हत्यारांची चेंबरं पुढून खोदून लांब केलेली आहेत. त्यात स्मिथ अँड वेसनची व्हिक्टरी मॉडेलंही आली. अशा हत्यारात स्पेशल आत जातं. चेंबर मुळात रुंद असल्यामुळे केस बुडाशी फुगते, कधी उभी फाटते, आणि दाब १७,००० पर्यंत. ‘प्लस पी’, म्हणजे जास्त दाबाचं भरलेलं, असेल तर २०,०००. खोदताना चेंबरच्या पुढच्या टोकाचं पोलादही गेलेलं असतं. ओळखायची खूण : रिकाम्या सिलिंडरमध्ये समोरून उजेड पाडा. चेंबरच्या आत जिथे पायरी दिसायला हवी तिथे दिसत नसेल, तर कोणीतरी खोदलंय. ते हत्यार घेऊ नका.

.४५५ वेब्लीचंही तसंच. सिलिंडरचं मागचं तोंड घासून .४५ एसीपी बसेल असं करून विकलेली पुष्कळ आहेत. .४५ एसीपीचा दाब २१,००० आणि .४५५ चा त्याहून खूप कमी.

बी-२०३ : आणि अमेरिकन जुनी?

बी-६०४ : स्मिथ अँड वेसनच्या स्टीलच्या हत्यारांना १९५७ पासून मॉडेल क्रमांक मिळाले. क्रमांक नसलेल्या हत्यारात ‘प्लस पी’ घालू नका, असा सरळ नियम ठेवा. कोल्टच्या सिंगल ॲक्शनमध्ये (दर वेळी घोडा हातानं ओढावा लागणारी) १९०० च्या आधीची हत्यारं जुन्या, धूर करणाऱ्या काळ्या दारूचीच समजा.

सी-३०२ : माझं हत्यार वापरण्याजोगं आहे का, हे घरी कसं बघू?

ए-१०१ : आधी रिकामं करा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. उघडून सहाही चेंबरवर बोट फिरवून खात्री करा. मग हे बघा. हत्यार मिटून एका हातात नळी, दुसऱ्यात मूठ धरा आणि वर-खाली हलवा. ‘टक’ असं जाणवलं तर वरची कडी किंवा खालची बिजागरी झिजलीय. या जातीत नळी आणि सांगाडा हे दोन तुकडे त्या दोन जागांवरच एकत्र असतात, ही झीज साधी समजू नका. नंतर चाप पूर्ण दाबून धरा आणि सिलिंडर डावीउजवीकडे हलवा. सहाही चेंबरला हे करा. एखाद्याच चेंबरला जास्त खेळ असेल तर ती खाच झिजलेली. नळी आणि सिलिंडरमधली फट फीलर गेजनं (पातळ मापपट्ट्यांनी) मोजा. ०.१० ते ०.२० मिमी ठीक, ०.३० च्या पुढे काम निघालं. उजेडात खाचांचे कोपरे भिंगातून बघा.

यापुढचं घरी नाही. दुरुस्ती, चाचणी, प्रूफ ही कामं शस्त्र कायद्याच्या कलम ५ खाली परवाना असलेल्यानंच करायची. नेताना मूळ परवाना सोबत ठेवा.

सचिव : सगळ्यांना विनंती, हत्याराचे आणि परवान्याचे फोटो, क्रमांक ग्रुपवर टाकू नका. हत्यार दाखवायला क्लबहाउसमध्येही आणायचं नाही.

सी-३०२ : नक्की. आत्ताच भिंग घेऊन बघितलं. सिलिंडरवर मुकुट आणि ‘एनपी’ स्पष्ट आहे. नळीवरचा शिक्का पॉलिश करताना घासला गेलाय, एकच अक्षर लागतं.

ए-१०१ : मग नळीचा भरवसा धरू नका. आर्मररकडे (परवानाधारक शस्त्र कारागिराकडे) द्या आणि सांगा, सहाही चेंबरचा व्यास दोन ठिकाणी मोजून लिहून द्या, बुडाशी आणि खाचेखाली. एकच चेंबर मोजून कोणी ‘ठीक आहे’ म्हटलं तर परत पाठवा. तोवर काडतुसं विकत घेऊ नका.