आम्हाला स्कॉट हवा

'सतत हरणाऱ्या संघाला कवटाळून काय मिळतं, जिंकणारा संघ धरावा' असं काही जण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. मी बफेलो बिल्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा चाहता. जानेवारी १९९१ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, शेवटची आठ सेकंदं उरली असताना आमच्या स्कॉट नॉरवूडची ४७ यार्डांवरची किक गोलच्या खांबांमधून जाण्याऐवजी उजवीकडून बाहेर गेली आणि समोरचा जायंट्स संघ २०-१९ ने जिंकला. दुसऱ्या दिवशी बफेलोतल्या नायगारा स्क्वेअर या चौकात हजारो लोक जमले. शिव्या द्यायला नाही, तर 'आम्हाला स्कॉट हवा' म्हणून ओरडायला! तो माइकपाशी आला तेव्हा त्याला बोलणंही जड जात होतं. पुढची तीन वर्षंही आम्ही अंतिम सामना हरलो. पण सलग चार वेळा तिथवर पोचलेला दुसरा संघ दाखवा.

नंतर १७ वर्षं प्लेऑफचं, म्हणजे साखळी सामन्यांनंतरच्या बाद फेरीचं, तोंड पाहिलं नाही. २०१७ च्या अखेरीस सिनसिनाटीच्या अँडी डाल्टनने शेवटच्या मिनिटात बाल्टिमोरविरुद्ध गुण मिळवून देणारा टचडाउन पास टाकला, बाल्टिमोर हरलं आणि प्लेऑफचं दार आमच्यासाठी उघडलं. बिल्सच्या चाहत्यांनी त्याच्या धर्मादाय संस्थेकडे देणग्यांचा पाऊस पाडला. कित्येकांनी मुद्दाम १७-१७ डॉलर पाठवले.

आणि जानेवारी २०२४ ची पिट्सबर्गविरुद्धची मॅच आठवा. खुर्च्या बर्फाखाली गाडलेल्या. लोकांनी हातांनी उकरून आपापली जागा मोकळी केली, तोच बर्फ मूठमूठभर हवेत उधळला आणि खेळ बघितला. जिंकणारा संघ शोधत फिरणाऱ्याला ही खुर्ची कशी सापडणार?