वाचनालयात संगणक आल्यावर काय झालं? (अनुभव धागा)

कृष्णाकाठ
आमच्या 'ब' वर्ग वाचनालयाची देवघेव आता संगणकावर जायची आहे. मी कार्यकारी मंडळावर आहे. सॉफ्टवेअरवर सल्ला नकोय, ई-ग्रंथालय आणि कोहा दोन्ही बघून झालीत. वर्गणीदारांचं काय झालं ते सांगा. आमचे बरेच वाचक सत्तरीच्या पुढचे. काउंटरवरच्या बाईंशी गप्पा मारायलाच निम्मे येतात.

निवृत्त ग्रंथपाल
यंत्राचा बाऊ कुणी फारसा करत नाही. पुस्तक असूनही 'नाही' दाखवलं की मात्र लोक भडकतात. आमच्याकडे नोंदी चढवायला लावलेल्या मुलांनी दाखल नोंदवहीत (आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमांक देऊन नोंदायची वही) होतं तस्सं टाइप केलं. 1962च्या लेखननियमांआधीची पुस्तकं म्हणजे 'कांहीं', 'नाहीं', अनुस्वारच अनुस्वार. वाचक 'काही' टाइप करणार आणि पडद्यावर शून्य! लेखक कुठे 'पु. ल. देशपांडे', कुठे 'देशपांडे पु.ल.', एका पठ्ठ्याने नुसतंच 'पुलं'. शेवटी आजच्या लेखनातलं शीर्षक वेगळ्या रकान्यात भरलं आणि लेखकांच्या नावांची एक यादी पक्की केली. मूळ कामापेक्षा यालाच जास्त वेळ गेला. तोवर तालिका-कार्डांची, म्हणजे पुस्तक शोधायच्या जुन्या कार्डांची, कपाटं मी हलू दिली नाहीत. मंडळाला जागा हवी होती, वाद झाले. तुम्हीही हलवू देऊ नका.

सायली_म
बाबांच्या वाचनालयाने ओटीपी सुरू केला. बाबांकडे साधा फोन, तोही घरी चार्जिंगला. म्हणून नंबर माझा दिलेला. मी ऑफिसात मीटिंगमध्ये आणि बाबा काउंटरवर ताटकळत उभे. दोनदा पुस्तक न घेताच परतले. तक्रार केल्यावर साठीपुढच्यांना ओटीपी माफ झाला. मुळात पुस्तक न्यायला ओटीपी कशाला, हे मला अजून कळलेलं नाही.

बुकित_बातोककर
सिंगापूरहून. पुस्तकांना आरएफआयडी (रेडिओ लहरींनी वाचता येणारी चिप) लावायचा प्रयोग इथे आमच्याच भागातल्या लायब्ररीत 1998 साली झाला. बारकोड एकेक पुस्तक धरून दाखवावा लागतो, इथे चार-पाच पुस्तकांची चळत ठेवली की एकदम नोंद. सासूबाई आल्या होत्या तेव्हा त्यांना ते पटेना. "पण लिहून कोण घेतंय?" जवळच्या कर्मचाऱ्याने पडद्यावर पुस्तकांची नावं दाखवली तेव्हा कुठे परतीच्या पेटीत पुस्तक सोडलं. यंत्र कितीही ठेवा, पण शेजारी एक माणूस हवा.

अमोल (एनव्हीडीए वापरणारा)
मला दिसत नाही, त्यामुळे डिजिटल म्हटलं की मीच सगळ्यात खूश, असं लोक धरून चालतात. जुनी पुस्तकं स्कॅन करून पीडीएफ टाकली जाते, पण ते नुसते पानांचे फोटो. एनव्हीडीए, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा माझा स्क्रीन रीडर, त्यावर गप्प बसतो. ओसीआर करून (फोटोतली अक्षरं संगणकाकडून मजकुरात बदलून) मजकूर तपासून घ्या. जुन्या छपाईत जोडाक्षरांची वाट लागते, तेव्हा तपासणारा मराठी वाचणारा हवा. आणि कृपया कॅप्चा, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखायला लावणं, नको.

मावशीबाई
मला तर संगणक फार आवडला! पूर्वी वाचलेली कादंबरी परत घरी यायची, म्हणून सतराव्या पानावर पेन्सिलीने बारीक टिंब करून ठेवायचे. आता बाईच सांगतात, "मावशी, हे तुम्ही दिवाळीत नेलं होतं."

कृष्णाकाठ
मावशी, हे मंडळापुढे नक्की मांडतो. 😄 अजून एक, लाईट गेल्यावर देवघेव कशी करता?

निवृत्त ग्रंथपाल
वहीत. दाखल क्रमांक, सभासद क्रमांक, सही. लाईट आली की चढवायचं. वही बंद करू नका.