रिन्यूसेल बुडाली म्हणून सगळंच बुडालं?

नदीकाठ

मनोहरपंतांचा ‘युरोपचं हरित प्लास्टिक: श्रीमंतांचा खेळ संपला’ हा धागा वाचला. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी सार: जुन्या कपड्यांचा लगदा करणारी स्वीडनची रिन्यूसेल दिवाळखोरीत गेली, जर्मनीतल्या लॉयनाच्या, लाकडापासून रसायनं करणाऱ्या प्रकल्पाचा खर्च दुपटीवर गेला, नेदरलँड्समधले रिसायकलिंगचे कारखाने बंद पडताहेत. म्हणजे हा जैव आणि रिसायकल माल कुणालाच नको आहे, बाजाराने निकाल दिला. खाली ‘सहमत’ची रांग लागली आहे. तिथे दोन ओळींत भागेना, म्हणून वेगळा धागा काढतोय.

मी नेदरलँड्समध्ये पॅकेजिंगच्या खरेदीत काम करतो. प्लास्टिकचा कुठला दाणा घ्यायचा हे ज्या बैठकीत ठरतं तिथे मी बसतो. त्यामुळे बाजार निकाल कसा देतो ते रोज बघतो.

रिन्यूसेलचंच घ्या. सुंड्सवालला जुन्या कागद कारखान्याच्या जागेत २०२२ मध्ये कारखाना सुरू झाला, क्षमता वर्षाला ६०,००० टन. जुने सुती कपडे विरघळवून लगदा करायचा, त्याचा व्हिस्कोस हा धागा होतो. मोठमोठे कपड्यांचे ब्रँड सोबत होते. पण ब्रँड लगदा विकत घेतच नाही! लगदा घेतो व्हिस्कोस बनवणारा, बहुतेक आशियातला. त्याच्याकडून सूतवाला, मग कापडवाला, मग शिलाईवाला. लाकडाच्या लगद्यापेक्षा हा महाग, आणि वाढीव भावावर प्रत्येकजण आपली टक्केवारी लावणार. ब्रँडने व्यासपीठावर दिलेला शब्द ऑर्डर होऊन सुंड्सवालपर्यंत पोचलाच नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये दिवाळखोरी. पुढे जूनमध्ये अल्टॉर या गुंतवणूक कंपनीने ती विकत घेतली आणि सर्क्युलोज असं नाव दिलं. रसायनशास्त्र खोटं असतं तर कुणी घेतली असती का?

आता उलट उदाहरण. इथे नेदरलँड्समध्ये डेल्फझाइलला अव्हॅन्टियम कंपनीचा कारखाना ऑक्टोबर २०२४ मध्ये राणी मॅक्सिमांच्या हस्ते उघडला. बेल्जियममधल्या गव्हाच्या स्टार्चपासूनची फ्रुक्टोज घ्यायची, तिच्यापासून एफडीसीए हे रसायन, आणि त्यापासून पुढे पीईएफ हे बाटल्यांचं प्लास्टिक. इथे बँकांनी कर्ज देण्याआधी गिऱ्हाइकांचे करार मागितले होते. पण क्षमता किती? वर्षाला ५,००० टन. जगात प्लास्टिक बनतं ४० कोटी टनांच्या आसपास. पाच हजार टनांवर भाव कधीच उतरणार नाही, आणि भाव उतरल्याशिवाय पुढचा मोठा कारखाना कुणी बांधणार नाही. हा पेच आहे, याला निकाल म्हणता येत नाही.

हा पेच कायद्यानेच सुटतो. युरोपच्या नव्या पॅकेजिंग नियमात २०३० पासून पेयांच्या एकदा वापरायच्या प्लास्टिक बाटल्यांत किमान ३० टक्के रिसायकल माल हवा. हा आकडा आला आणि आमच्या बैठकीत पहिल्यांदा रिसायकल दाण्यावर तासभर चर्चा झाली. जैवआधारित, म्हणजे पिकांपासून किंवा लाकडापासून बनलेल्या मालाला असा एकही आकडा नाही. त्याचा फक्त आढावा घ्यायचा आहे, फेब्रुवारी २०२८ पर्यंत. तोवर हे कारखाने काय खाणार?

मनोहरपंत

माझ्या धाग्यावर धागा काढलात, उत्तर देणे भाग आहे.

मी पाताळगंगेच्या पट्ट्यात पॉलिएस्टरमध्ये उभी हयात घालवली. तुम्ही खरेदीच्या खोलीतून बघता, मी रिॲक्टरच्या बाजूने बघतो. प्रायोगिक संयंत्र चालते, कारण तिथे प्रत्येक व्हॉल्व्हपाशी एक पीएचडी उभा असतो. साखरेपासून फ्युरान (एफडीसीए त्याच जातीचे) करताना ह्युमिन नावाचा काळा चिकट गाळ होतो. प्रयोगशाळेत तो फ्लास्कच्या तळाशी दिसतो, कारखान्यात तो हीट एक्स्चेंजर बुजवतो. लाकडाचे तेच. लॉयनाला यूपीएम ही फिनलंडची कंपनी बीच झाडाच्या लाकडापासून ग्लायकॉल (पॉलिएस्टरचा कच्चा माल) आणि इतर रसायने करणार, सगळे मिळून वर्षाला २,२०,००० टन. २०२० मध्ये ५५ कोटी युरो सांगितले, २०२२ अखेर सुरू होणार होता. तारीख गेली, खर्च दुपटीच्या वर गेला. हे गिऱ्हाईक नाही म्हणून झाले का? घन पदार्थ पाइपातून नेणे अवघड असते म्हणून झाले.

आणि जो माल खपवायला कायदा लागतो, त्याचा बोजा शेवटी दूध घेणाऱ्या बाईवर पडतो. तिला कुणी विचारले?

कोरा_कागद

लॉयनाच्या खर्चात कोविड, युद्ध आणि पोलादाचे भाव धरणार की नाही पंत? सगळं घन पदार्थांच्या माथी कशाला मारता?

पण मी दोघांशीही असहमत आहे. मी फिनलंडमध्ये लगद्याच्या धंद्यात आहे. इथे सुनिलाला लिग्निन (लाकडाला घट्टपणा देणारा पदार्थ) काढायचं संयंत्र लगदा कारखान्याला जोडून होतं, २०१५ पासून. लिग्निनपासून डिंक, बॅटरीचा कार्बन, सगळ्यांच्या तोंडी तेच. २०२२ मध्ये रशियाचं लाकूड बंद झालं, इथल्या लाकडाचे भाव चढले, २०२३ मध्ये लगदा कारखाना बंद. आता लिग्निन कशातून काढणार? बहुतेक जैवमाल जुन्या उद्योगाच्या अंगावर वाढतो. जुना मेला की नवाही गेला. युरोपात आज जुनाच मरतोय, आणि तुम्ही २०२८ च्या आढाव्याची वाट बघताय.

स्वरदा_बायर्न

मला यातल्या कारखान्यांतलं फार कळत नाही, पण ‘जैव’ लिहिलेल्या पिशव्यांनी आमच्या इमारतीत जे झालं ते सांगते. ओल्या कचऱ्याच्या तपकिरी पिंपात आम्ही दुकानातून आणलेल्या, ‘कंपोस्ट होणारी’ असं छापलेल्या पिशव्या टाकायचो. एके दिवशी पिंपावर लाल चिकटपट्टी, कचरा उचलला नाही. गावच्या कचरा खात्याला फोन केला तर म्हणाले, पिशवी कुठलीही असो, आम्हाला ती प्लास्टिकच. उन्हाळ्यात आठवडाभर ते पिंप तसंच पडून होतं आणि शेजारची आजी मलाच बोलत होती.

कारण नंतर शोधलं. कंपोस्ट होणाऱ्या पॅकेजिंगच्या ईएन १३४३२ या युरोपीय मानकात पिशवीचे तुकडे व्हायला १२ आठवडे धरले आहेत. इथले, जर्मनीतले, बरेच कंपोस्ट कारखाने त्याच्या आत कंपोस्ट बाहेर काढतात. शिवाय १ मे २०२५ पासून जैवकचऱ्यातल्या प्लास्टिकवर १ टक्क्याची मर्यादा आली, त्यामुळे ते आणखी कडक झाले. मग ह्या पिशव्या विकू का देतात? आधी ही फसवणूक थांबवा, मग टनांच्या गोष्टी करा.

मिलानची_मेघा

स्वरदा, हा जर्मनीचा दोष आहे, पिशवीचा नाही! इटलीत २०११ पासून साध्या प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे. भाजी घेतली की पातळ, कंपोस्ट होणारी पिशवी मिळते, तीच घरी ओल्या कचऱ्याच्या डब्याला लावायची. मिलानमध्ये २०१२ ला सुरुवात झाली, २०१४ पर्यंत अख्खं शहर. बहुमजली इमारतींचं, चौदा लाखांच्या आसपास वस्तीचं शहर आहे हे. माझ्या सासूबाई पंचाहत्तरीच्या, त्यासुद्धा न चुकता करतात. तो कचरा बेर्गामोजवळच्या कारखान्यात जातो, आधी त्यातून गॅस काढतात आणि मग खत.

आणि नदीकाठ, तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. कंपोस्ट होणाऱ्या पिशव्यांचं प्लास्टिक बनवणारी नोव्हामोंत कंपनी मोठी झाली ती या बंदीमुळे. तिने ॲड्रियाजवळ साखरेपासून ब्यूटेनडायॉल हा त्या प्लास्टिकचा कच्चा माल करायचा कारखाना २०१६ मध्ये उघडला, ३०,००० टनांचा. गिऱ्हाईक कायद्याने दिलं म्हणून बांधता आला.

स्वरदा_बायर्न

तुमच्या सासूबाईंना नमस्कार, पण अर्धीच गोष्ट सांगताय. इटलीतही कितीतरी कारखाने पिशव्या आधी फाडून बाजूला काढतात, आणि काढलेलं जाळायला जातं. मग कंपोस्ट कुठे झालं? पिशवी मक्याची असो की तेलाची, जळायचीच असेल तर फरक काय?

मिलानची_मेघा

फरक हा की पिशवीतला कचरा तरी वेगळा आला! उघड्या डब्यात माशीच्या अळ्या होतात, मग लोक ओला कचरा सरळ सुक्यात ढकलतात. आणि चुकून तुकडा खतात राहिलाच तर तो शेतात शंभर वर्षं राहत नाही. तुमच्याकडे लोक साध्या प्लास्टिकमध्येच बांधून टाकतात, म्हणून तर १ टक्क्याचा नियम करावा लागला. शिस्तीच्या गप्पा जर्मनीने आम्हाला शिकवू नयेत.

स्वरदा_बायर्न

‘आम्हाला’? तुम्ही कधीपासून इटलीच्या वकील झालात? मी कागदाची पिशवी वापरते, वर्तमानपत्रात गुंडाळते, अळ्या होत नाहीत. पुण्यात आईने आयुष्यभर हेच केलं. नवीन माल लागतोच कशाला, हा प्रश्न इथे कुणी विचारतच नाहीये.

निखळ

अहो, धागा कारखान्यांचा होता. पाच प्रतिसाद झाले, आपण कचऱ्याच्या डब्यातच आहोत. कंपोस्ट होणं आणि जैवआधारित असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अव्हॅन्टियमचं पीईएफ कंपोस्टसाठी नाहीच, ते बाटलीतून पुन्हा बाटलीत जाण्यासाठी आहे.

स्वरदा_बायर्न

गिऱ्हाइकाला तो फरक कुठे दिसतो? हिरवं पान छापलं की दोन्ही सारखंच. लोकांचा विश्वास पिशवीने घालवला तर तुमच्या बाटलीलाही तो मिळणार नाही. त्यामुळे मी विषयाला धरूनच बोलतेय.

शिरोळकर

ऊसवाला माणूस आहे, तिकडचं फार ठाऊक नाही. पण दोन दिवस वाचतोय की साखरेपासून प्लास्टिक, साखरेपासून ग्लायकॉल. मग युरोपवाले आमची साखर का घेत नाहीत? जेजुरीला प्राज कंपनीने २०२४ मध्ये पीएलएचं (साखरेपासूनच्या प्लास्टिकचं) प्रात्यक्षिक संयंत्र सुरू केलं, तिकडे उत्तर प्रदेशात बलरामपूर साखर कंपनीवाले ८०,००० टनांचा कारखाना उभारताहेत. आम्ही फक्त ऊस घालून बिलाची वाट बघायची का?

आणि पाण्याचं कुणी काढायच्या आत सांगतो, आमच्याकडे नदीला पूर येतो, दुष्काळ नाही. सगळा ऊस मराठवाड्यात नसतो.

नदीकाठ

शिरोळकर, तुम्ही नेमकं दुखणं काढलंत. युरोपात पांढऱ्या साखरेवर टनाला ४१९ युरो आयातशुल्क आहे, काही देशांना ठरलेल्या कोट्यापुरती सूट. हे बीटच्या शेतकऱ्याला सांभाळण्यासाठी. आणि साखरेपासून बनलेला पीएलए दाणा आणला तर शुल्क साडेसहा टक्क्यांच्या आसपास. मग इथे महाग साखर घेऊन कारखाना कोण चालवेल? टोटलएनर्जीज आणि कॉर्बियन या दोन युरोपीय कंपन्यांचा ७५,००० टनांचा पीएलए कारखाना थायलंडच्या रायोंगला आहे, उसाच्या शेजारी. जैवअर्थव्यवस्थेची धोरणं लिहिणारे आणि साखरेचं शुल्क ठरवणारे एकाच शहरात बसतात, तरी हे चालू आहे याचा मला मनापासून राग येतो. बीटवाल्याला खरंच सांभाळायचं असेल तर त्याच्या साखरेला कारखान्याचं गिऱ्हाईक द्या.

रिसायकलवाल्यांची तीच कथा. ॲमस्टरडॅमची युमिनकॉर्प ही रिसायकलिंग कंपनी जानेवारी २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली. तेव्हा बाहेरून येणारा व्हर्जिन, म्हणजे कोरा नवा दाणा इतका स्वस्त होता की धुऊन, निवडून, वितळवून केलेला दाणा त्याच्यापुढे टिकेना. युरोपचा आयात मालावरचा, सीमेवरचा कार्बन कर सिमेंट, पोलाद, ॲल्युमिनियम, खतांवर लागतो. प्लास्टिक त्यात नाही. माझा एक जुना पुरवठादार असाच बंद पडला. त्याचा माल चांगला होता, मी स्वतः तपासून घ्यायचो, आणि शेवटच्या तिमाहीत भावामुळे मलाच त्याची ऑर्डर कमी करावी लागली. त्या माणसाला ‘बाजाराने नाकारलं’ असं मी म्हणणार नाही.

मनोहरपंत

शुल्काचा मुद्दा मान्य. मला तो ठाऊक नव्हता आणि तो खोडता येत नाही. साखर अडवायची आणि साखरेचे प्लास्टिक आत घ्यायचे, हा मूर्खपणा आहे. रिन्यूसेलबद्दलही मान्य करतो की मधल्या साखळीचा विचार मी केला नव्हता.

लॉयनाबद्दल मात्र एक अक्षर मागे घेत नाही. ज्या दिवशी तिथून वर्षभर पूर्ण क्षमतेने ग्लायकॉल निघेल त्या दिवशी बोलू. आणि २०२८ च्या आढाव्यात आकडा आला, तर तो ‘किमान इतके टक्के’ असा नको. पहिल्या दोनतीन मोठ्या कारखान्यांचा माल ठरल्या भावाने इतकी वर्षे उचलायचा, असा करार असावा. इंजिनिअरला तेवढी खात्री मिळाली तर तो गाळाशी झुंजतो.

कोरा_कागद

पंत, तुम्ही तर नदीकाठच्याच बाजूला आलात.

मनोहरपंत

आलेलो नाही. त्यांना सक्ती हवी आहे, मला करार हवा आहे. नीट वाचा.

मिलानची_मेघा

स्वरदा, राग सोड. कागदाची पिशवी ओल्या चहाच्या चोथ्याने तळातून फाटत नाही का? तू कुठली वापरतेस?

स्वरदा_बायर्न

तळाशी वर्तमानपत्राच्या दोन घड्या घालते आणि चोथा आधी पिळते. तरी ऑगस्टमध्ये फाटते, खोटं कशाला बोलू. पण लाल चिकटपट्टी पुन्हा नाही लागली.