कोयना: धक्का बसला की धरणात नेमकं काय तपासतात?

कराडकर_पोरगा:
काल रात्री परत हादरा जाणवला, भांडी वाजली. सकाळी नेहमीची बातमी, 'धरण सुरक्षित'. हे ठरवतात कसं? आणि १९६७ ला धरणाला तडे गेले होते हे खरं का?

गॅलरीवाला:
खरं आहे. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे संकल्पनात (डिझाइनमध्ये) भूकंपासाठी ०.०५ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पाच टक्के जोराचा हादरा, धरलेलं, प्रत्यक्षात धक्का त्याच्या कितीतरी पट बसला. तडे गेले ते मानेशी, खालच्या अंगाचा उतार जिथे एकदम बदलतो तिथे. मग तडे भरले, पोलादी केबल ताणल्या, मागून काँक्रीटचे टेकू दिले. आज जे धरण उभं आहे ते हे टेकू दिलेलं.

आता तपासणी. मी कोयनेवर नव्हतो, पण नोकरी अशाच धरणांच्या गॅलरीत, म्हणजे धरणाच्या पोटातल्या पाहणीच्या बोगद्यात गेली. खाली उतरलं की आधी गटारीतल्या व्ही-खाचेवर पाण्याची उंची बघायची, त्यावरून गळती किती ते कळतं. मग लांब ओळंबा, धरण किती झुकलं ते दाखवणारा. सांध्यांवरची मापं. नवी ओल दिसली की खडूने खूण, शेजारी तारीख. छोट्या धक्क्यात बहुतेक वेळा आकडा हलत नाही.

शिवसागर:
उन्हाळ्यात पाणी उतरलेलं असताना गळती कमीच दिसणार ना?

गॅलरीवाला:
बरोबर पकडलंत. म्हणून आकडा कालच्याशी ताडायचा नाही, मागे पाणी याच पातळीला होतं तेव्हाच्या नोंदीशी ताडायचा. आणि गळती घटली म्हणून लगेच खूश व्हायचं नाही. पायातल्या निचरा छिद्रांत चुना साचतो, पांढरा, दगडासारखा. छिद्र बुजलं की पाणी बाहेर येत नाही, धरणाला खालून उचलणारा दाब मात्र वाढतो. ही छिद्रं पुन्हा ड्रिल मारून मोकळी करणं हे कंटाळवाणं, घाणेरडं काम. निधी नाही म्हटलं की पहिलं हेच पुढे ढकललं जातं.

कराडकर_पोरगा:
मग आम्ही विचारायचं काय?

गॅलरीवाला:
२०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने पावसाळ्याआधी आणि नंतर पाहणी सक्तीची आहे. माहिती अधिकारात दोन्ही अहवाल मागा. त्यात निचरा छिद्रं शेवटची कधी साफ केली ते शोधा. तारीख नसेल तर दुसरा अर्ज टाका.