पंधरा दिवसांत उगवलं तेवढंच मातीत बी?

लालमाती: कालच्या पोस्टमधला सल्ला: "खाचराच्या कोपऱ्यातली टोपलीभर माती घ्या, पंधरा दिवस पाणी घाला, रोपं मोजा, कळला बीसाठा (मातीतलं जिवंत बी). आणि राब (भाताच्या रोपांची जागा, पालापाचोळा जाळून) भाजलात तर तणाचं बी संपतंच." दोन्ही चूक. बी मातीत झुबक्यांनी असतं. टोपली म्हणजे नमुना एकच. ५ सेमी व्यासाची नळी १० सेमी खोल घाला, खाचरभर फिरून निदान ५० ठिकाणी. नळीचं तोंड १९.६ चौ. सेमी. एकाच नळीवरून हिशेब केला तर एका बीचा फरक चौरस मीटरला ५०९ होतो. पन्नास नळ्यांत तोच १०.

कातळसडा: नळी खाचरात ठीक. सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, माती दोन बोटं, खाली जांभा. तिथे चौकट टाकून खरवडावंच लागतं. आणि उगवणीवर विसंबूच नका. टाकळ्याचं कडक बी ट्रेमध्ये महिनोन्‌महिने पडून राहतं. माती धुवा, चाळा, भिंगाखाली मोजा.

लालमाती: मग सीतेची आसवं या सड्यावरच्या रानफुलाचं धुळीएवढं बी? अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून ते पाण्याबरोबर जातं. शिवाय भिंगाखाली मेलेलं बीही बीच दिसतं. चिमट्याने दाबा, पिचलं तर सोडा. टिकलेलं चिरून टेट्राझोलियम या रसायनाच्या १ टक्का द्रावणात ३० अंशाला अंधारात ठेवा. जिवंत गर्भ लाल होतो. हे टाळून दिलेला आकडा म्हणजे मढी मोजणं.

तरवा: राबाचं अर्धवट सोडू नका. भाजावळीने तण कमी होतं हे कोकणात पिढ्यान्‌पिढ्या दिसतंय.

लालमाती: कमी होतं, संपत नाही. धग मुख्यतः वरच्या सेंटीमीटर-दोन सेंटीमीटरला लागते. खालचं बी नांगरटीने वर येतं.

कातळसडा: आणि बेताच्या धगीने कडक साल उलट तडकते, टाकळा जास्त उगवू शकतो! भाजण्याआधी आणि नंतर ०–२, २–५, ५–१० सेमी असे थर वेगळे घेतल्याशिवाय राबावर बोलूच नये.

तरवा: थर वेगळे घ्यावेत, कबूल. पण मग लव्हाळ्याचं काय? तो भाजूनही येतो.

लालमाती: तो गाठींवरून येतो! कोंब उपटून बघा. खाली गाठ असेल तर बियांत धरायचा नाही. मूळ प्रश्न मोजणीचा आहे, तिकडे या.

कातळसडा: बारीक बियांसाठी उगवण लागते, एवढं मानतो. पण पंधरा दिवस नाही. निर्जंतुक वाळूवर मातीचा थर ५ मिमीच्या आत. उगवण थांबली की वाळवा, ढवळा, पुन्हा भिजवा. निदान सहा महिने. शेजारी नुसत्या वाळूचा ट्रे हवाच, नाहीतर वाऱ्याने आलेली एकदांडी मातीच्या खात्यात जाते.

लालमाती: आणि शेवटी उरलेली माती चाळून टाकळा मोजायचा. तेवढं तुमचं खरं. नमुना मात्र ऑगस्टमध्ये घ्या: पहिल्या पावसाचं उगवून गेलेलं असतं, नवं बी अजून पडलेलं नसतं. उरतं ते मातीत मुरलेलं जुनं बी. डिसेंबरच्या मातीत दोन्ही मिसळतात.